छत्तर मंझिल, ब्राह्मी आणि डब्यातली जिलबी

लखनौवरच्या या मालिकेत नवाब झाले, ठुमरी झाली, विष्णू नारायण भातखंड्यांनी १९२६ साली इथे सुरू केलेलं संगीत विद्यालयही झालं. आजचा विषय जरा वेगळा आहे. एडीएचडी असलेल्या मुलाला काय खायला घालावं, म्हणजे त्याचा मेंदू नीट काम करील, हा तो विषय. तुम्ही म्हणाल, हे डॉक्टरांचं काम, इतिहास शिकवणारी बाई यात कशाला पडते? त्याला दोन कारणं आहेत. एक, माझ्या मुलाला एडीएचडी आहे. दुसरं, आम्ही राहतो त्या शहरातच या प्रश्नाचा सत्तर वर्षांचा इतिहास आहे आणि तो ठाऊक नसल्यामुळे मी एक मोठी चूक केली. आधी चूक सांगते, मग इतिहास.

मी साताऱ्याची. लग्न होऊन लखनौला आले. सासरचे लोक तीन पिढ्या इथेच. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. मुलगा आठ वर्षांचा असताना डॉक्टरांनी निदान केलं. एक गोळी सुरू झाली, वागण्याचं प्रशिक्षण सुरू झालं, शाळेशी बोलणं झालं. गोळीने तो वर्गात बसू लागला, पण भूक मेली. डबा भरलेलाच परत यायचा. सासूबाई म्हणायच्या, "अगं, पोट खपाटीला गेलंय पोराचं, कसली ही गोळी!"

मग सल्ले सुरू झाले. शेजारच्या भाभी म्हणाल्या, "रात को सात बादाम भिगो दीजिए, सुबह छीलकर खिलाइए." चौकातून कुणी खमीरा गावजबाँची डबी आणून दिली. साताऱ्याहून आईने ब्राह्मीचं तूप पाठवलं. कुणी म्हणालं साखर तोडा, कुणी म्हणालं गहू तोडा. प्रत्येकाच्या बोलण्यात माया होती आणि प्रत्येकाला खात्री होती.

श्रावणात मी गोळी बंद केली. डॉक्टरांना विचारलं नाही, सांगितलंही नाही. ब्राह्मी, बदाम, तूप आणि साखर बंद, असा कार्यक्रम सुरू केला. पहिले तीन आठवडे फार छान गेले. पोरगं पोटभर जेवायला लागलं, गालावर मांस आलं. मला वाटलं, जिंकलो. मग वह्या अपुऱ्या यायला लागल्या. शाळेतून दोनदा बोलावणं आलं. मी म्हटलं, वेळ लागतोच.

लखनौत दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी जमघट असतो. त्या दिवशी सगळं शहर छपरावर चढून पतंग उडवतं. आमच्या गल्लीवरून एक कटलेला पतंग गेला आणि हा जिना उतरून थेट रस्त्यावर धावला. ई-रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला. कोपर सोलवटलं, तेवढ्यावर निभावलं. त्या रात्री मी डॉक्टरांना फोन केला.

ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आप जो-जो खिला रही हैं, सब लिखकर लाइए." मी यादी लिहायला बसले आणि माझ्यातली इतिहासाची शिक्षिका जागी झाली. कागदावरच्या प्रत्येक पदार्थापुढे मी दोन प्रश्न लिहिले. हे मेंदूला चांगलं, असं पहिल्यांदा कोण म्हणालं? आणि कुणी ते तपासून पाहिलं का? त्या प्रश्नांनी मला गोमतीकाठी, छत्तर मंझिलपर्यंत नेलं.

छत्तर मंझिल तुम्ही फोटोत पाहिलं असेल. घुमटावर सोनेरी छत्री असलेला नवाबी राजवाडा. गाझिउद्दीन हैदरने बांधायला घेतला, त्याचा मुलगा नसिरुद्दीन हैदरने पुरा केला. १७ फेब्रुवारी १९५१ रोजी याच वाड्यात पंडित नेहरूंनी केंद्रीय औषधी अनुसंधान संस्थेचं, म्हणजे सीडीआरआयचं उद्घाटन केलं. नव्या देशाला स्वतःची औषधं हवी होती आणि जागा मिळाली ती राजवाड्यात. अलीकडे ही संस्था जानकीपुरम विस्तारातल्या नव्या इमारतींत गेली, पण तिची पहिली सहा दशकं त्या घुमटांखाली गेली.

या संस्थेची घडी बसवायला पहिले संचालक म्हणून आले ते सर एडवर्ड मेलनबी. औषधांच्या संस्थेचे हे पहिले संचालक ओळखले जात ते आहारावरच्या कामासाठी. त्यांच्या दोन शोधांची गोष्ट आज मला तुम्हाला सांगायची आहे. दोन्हींत कुत्री आहेत.

पहिली गोष्ट १९१९ची. त्या काळी ब्रिटनमधल्या शहरांत गरिबांच्या मुलांचे पाय धनुष्यासारखे वाकायचे. त्याला मुडदूस म्हणतात. कोंदट घरं, घाण हवा, आईबापांचा हलगर्जीपणा, अशी नाना कारणं सांगितली जात. मेलनबींनी कुत्र्याच्या पिलांना ठरावीक, निकस आहार दिला आणि त्यांना मुडदूस झाला. त्याच आहारात कॉड माशाच्या यकृताचं तेल घातलं, तर होईना. म्हणजे दोष अन्नातल्या कमतरतेचा होता. तो घटक म्हणजे पुढे 'ड' जीवनसत्त्व ठरलं. किती आयांच्या डोक्यावरचा दोष त्या तेलाच्या चमच्याने उतरला असेल!

दुसरी गोष्ट १९४६ची. कुत्र्यांना तेव्हा एक विचित्र आजार व्हायचा. ती एकदम बिथरायची, भुंकत सैरावैरा धावत सुटायची, भिंतींवर आदळायची, मग झटके यायचे. मेलनबींनी दाखवलं की कारण पिठात आहे. पीठ पांढरंशुभ्र आणि भाजायला सोपं व्हावं म्हणून गिरण्या त्यावर एजीन नावाचा वायू सोडत, म्हणजे नायट्रोजन ट्रायक्लोराइड. तसं पीठ खाल्लेली कुत्री धावत सुटत, साध्या पिठाची शांत राहत. माणसांना त्यातून अपाय होतो असं काही सिद्ध झालं नाही. तरीही अमेरिकेने आणि मग ब्रिटनने ते पीठ बंद केलं. सावधगिरी म्हणून.

या दोन गोष्टींवरून मला माझी यादी लावता आली. अन्न आणि मेंदू यांच्याबद्दल कुणी काही सांगितलं, की ते तीन खणांपैकी एकात बसतं. पहिला खण कमतरतेचा: शरीरात काही कमी आहे, ते भरा. दुसरा भेसळीचा: अन्नात नको ते आहे, ते काढा. तिसरा औषधाचा: एखाद्या वनस्पतीत गुण आहे, ती द्या. तिन्ही खण खरे आहेत, पण प्रत्येकाचा पुरावा वेगळा. माझी चूक अशी, की मी तिन्ही एकाच पातेल्यात ढवळले आणि वर गोळी बंद केली.

तिसऱ्या खणापासून सुरुवात करू, कारण तो अस्सल लखनवी आहे. ब्राह्मी.

चरकाने रसायन प्रकरणात बुद्धी वाढवणारी म्हणून चार नावं दिली आहेत: मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी. नीट पाहा, या चारांत ब्राह्मी नाही. ब्राह्मीचं तूप येतं ते अपस्माराच्या म्हणजे फेफऱ्याच्या प्रकरणात. शिवाय ब्राह्मी म्हणजे कोणती, हाही घोळ आहे. गोल, बेडकाच्या पायासारख्या पानांची मंडूकपर्णी आपल्याकडे अनेक घरांत ब्राह्मी म्हणूनच ओळखली जाते. दुसरी बारीक, मांसल पानांची, ओलसर जागी पसरणारी, ती नीरब्राह्मी. बंगालात तिची भाजी करून खातात. साताऱ्याहून आलेलं तूप यातल्या कोणत्या पानाचं होतं, ते आईलाही सांगता आलं नाही.

छत्तर मंझिलमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी नीरब्राह्मी घेतली. १९६०च्या दशकात तिच्यातले घटक वेगळे काढले, त्यांना बॅकोसाइड म्हणतात. १९८२ साली एच. के. सिंह आणि बी. एन. धवन यांनी ब्राह्मीच्या अर्कामुळे उंदीर लवकर शिकतात, असं प्रयोगांतून मांडलं. पुढे १९९०च्या दशकात या अर्काचं औषध 'मेमरी प्लस' या नावाने बाजारात आलं. परीक्षेच्या दिवसांत औषधांच्या दुकानात त्याच्या पट्ट्या दिसायच्या, हे माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल.

आता आमच्या कामाची गोष्ट. २००० साली एडीएचडीच्या मुलांवरचा एक छोटा अभ्यास मांडला गेला. मुलं ३६. त्यातल्या १९ जणांना बारा आठवडे ब्राह्मीचा अर्क, १७ जणांना नुसती दिसायला तशीच गोळी. वाक्य ऐकून पुन्हा म्हणणं, गोष्ट लक्षात ठेवणं, शब्दांच्या जोड्या शिकणं अशा काही चाचण्यांत ब्राह्मीची मुलं पुढे गेली. आशादायक होतं, पण मुलं छत्तीसच.

लखनौचा हा अर्क मग ऑस्ट्रेलियात गेला. तिथे तो आजही 'सीडीआरआय ०८' या नावाने ओळखला जातो. म्हणजे आपल्या संस्थेचं नावच त्याला चिकटलं. २००१ साली तिथल्या निरोगी प्रौढांत बारा आठवड्यांनी शिकण्याचा वेग थोडा सुधारलेला दिसला. आणि २०२२ साली सहा ते चौदा वर्षांच्या चंचल मुलग्यांवरचा चौदा आठवड्यांचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. मुख्य प्रश्न होता, चंचलपणा कमी होतो का, लक्ष लागतं का? उत्तर आलं, नकली गोळीपेक्षा फरक नाही. झोप आणि विचारांची लवचिकता अशा काही बाजूंना थोडा फायदा दिसला.

हे वाचलं तेव्हा मला जमघटची ती दुपार आठवली. ब्राह्मी वाईट नव्हे. पण रस्त्यावर धावणाऱ्या मुलाला थांबवायचं काम तिचं नव्हतं आणि मी ते तिच्यावर सोपवलं होतं.

खमीऱ्याबद्दलही सांगते. लखनौच्या झवाई टोल्याच्या हकीम अब्दुल अझीझ यांनी १९०२ साली इथे तकमील-उत-तिब हे युनानी कॉलेज काढलं. योगायोग पाहा, त्याच १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांवर व्याख्यानं दिली. बुद्धी चांगली, पण लक्ष टिकत नाही, आवर घालता येत नाही, अशी मुलं. एडीएचडीच्या इतिहासात ती व्याख्यानं पहिल्या पानांवर असतात. स्टिलने दोष संस्कारांवर न टाकता शरीरात कारण शोधलं, ही त्याची थोरवी. हकीमसाहेबांची परंपरा 'दिमाग को कुव्वत' देणाऱ्या बदाम-खमीऱ्याची. चव उत्तम. पण खमीरा साखरेच्या पाकात मुरवलेला असतो आणि मी एका हाताने साखर तोडत होते, दुसऱ्या हाताने खमीरा भरवत होते!

साखरेचंही ऐकाच. १९९४ साली अमेरिकेत, साखरेने बिथरतात असं आईबाप सांगत होते त्या मुलांवरच प्रयोग झाला. तीन-तीन आठवडे घरातलं सगळं अन्न बदललं. कधी साखर, कधी दुसरी गोडी, आणि कधी काय ते कुणालाच माहीत नाही. वागण्यात फरक पडला नाही. त्याच वर्षी दुसरा प्रयोग. मुलांना साखर दिलीच नव्हती, पण काही आयांना सांगितलं की दिली आहे. त्या आयांना आपला मुलगा जास्त चंचल वाटला. हा प्रयोग वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. श्रावणातले ते छान तीन आठवडे माझ्या डोळ्यांत होते, मुलात नव्हते. साखर कमीच असावी, दातांसाठी, वजनासाठी. पण एडीएचडी साखरेने होत नाही.

आता दुसरा खण, भेसळीचा. त्यासाठीही लखनौ सोडायला नको. १९६५ साली इथे औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्र सुरू झालं, पहिले संचालक डॉ. सिब्ते हसन झैदी. आज त्याला भारतीय विषविज्ञान अनुसंधान संस्थान म्हणतात. इथल्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं एक अगदी साधं काम केलं. बाजारातली मिठाई, नमकीन, सरबतं आणायची आणि त्यात कोणता रंग किती आहे ते मोजायचं. २०११ साली त्यांनी अनेक राज्यांतल्या, मुलांच्या आवडीच्या पदार्थांचा अभ्यास छापला. पूर्वीपेक्षा परवानगीचे रंग वापरण्याकडे कल वाढला होता, पण बऱ्याच पदार्थांत ते मर्यादेपेक्षा जास्त होते. आणि बंदी असलेल्यांत ऱ्होडामाइन बी हा गुलाबी रंग सर्वांत जास्त सापडत होता.

याचा चंचलपणाशी संबंध काय? १९७०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या बेन फाइनगोल्ड या डॉक्टराने सांगितलं, रंग आणि कृत्रिम स्वाद काढा, मुलं शांत होतील. त्याने फार मोठं आश्वासन दिलं आणि पुढच्या तपासण्यांत ते तेवढं टिकलं नाही. पण पूर्ण खोटंही ठरलं नाही. २००७ साली इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या संशोधकांनी तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या साध्या, निदान नसलेल्या मुलांना रंग आणि सोडियम बेंझोएट असलेलं सरबत दिलं. सरासरीने चंचलपणा थोडा वाढला. परिणाम लहान, मुलामुलांत फरक मोठा. तरी २०१०पासून युरोपात त्या सहा रंगांच्या पदार्थांवर, मुलांच्या लक्षावर परिणाम होऊ शकतो, असा इशारा छापावा लागतो. त्या सहांतले टारट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पॉन्सो ४आर हे चार आपल्याकडे परवानगी असलेले आहेत. मर्यादा बहुतेक पदार्थांत किलोमागे १०० मिलिग्रॅम. आता सांगा, नाक्यावरचा हलवाई जिलबीच्या पिठात रंग टाकतो तो वजन करून टाकतो का? डोळ्यांच्या अंदाजाने टाकतो.

इथे मला मेलनबींची कुत्री आठवली. माणसावर पुरावा कच्चा होता, तरी पीठ बदललं, कारण त्या वायूवाचून कुणाचं अडत नव्हतं. रंगाचंही तसंच. मी जिलबी तोडली नाही. लखनौत राहून दही-जिलबी तोडणं हा मुलावर अन्याय आहे. रविवारी घरी करते, दोन काड्या केशर घालून. जरा फिकट होते. तो म्हणतो, "आई, ही आजारी जिलबी आहे," आणि चार खातो.

राहिला पहिला खण, कमतरतेचा. यात आमच्या हाती खरं काही लागलं. डॉक्टरांनी रक्ताची तपासणी सांगितली, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. मेंदूत डोपामिन तयार व्हायला लोह लागतं आणि एडीएचडीच्या गोळ्या काम करतात ते बहुतांशी डोपामिनवरच. २००४ साली फ्रान्समधल्या एका अभ्यासात या मुलांचं फेरिटिन इतर मुलांच्या जवळपास निम्मं आढळलं. आपल्याकडे तर लोहाची कमतरता घरोघरी. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालची ६७.१ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. माझ्या मुलाचा साठाही कमीच निघाला. डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं, मोजून, ठरावीक मुदतीसाठी. तुम्ही मात्र हे तपासणीशिवाय करू नका. जास्तीचं लोह अपाय करतं.

ओमेगा-३चंही याच खणात येतं. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तर मासळीच्या तेलाचा फायदा दिसतो, पण गोळीच्या मानाने बराच लहान. आमच्या घरी मासळी नाही. मग जवसाची चटणी आली. अवधात तिलाच अलसी म्हणतात आणि थंडीत तिचे लाडू करतात. म्हणजे सासर-माहेर एका बरणीत आलं. मोहरीच्या तेलातही थोडं ओमेगा-३ असतं. झाडांतलं ओमेगा-३ शरीर मासळीइतकं वापरू शकत नाही, हेही सांगून ठेवते. चटणी चांगली आहे, चमत्कार नाही.

आणि गोळी? ती डॉक्टरांच्या सल्ल्याने परत सुरू झाली, मात्रा थोडी बदलून. भुकेचं उत्तर घड्याळात सापडलं. गोळीच्या आधी भरपूर न्याहरी: बेसनाचं धिरडं, मोड आलेली मटकी, दही, कधी अंडं. दुपारचा डबा छोटा, त्यावरून वाद नाही. संध्याकाळी गोळीचा असर उतरला की भूक परत येते, तेव्हा पोळी-भाजी, वरण-भात. रात्री झोपायच्या आधी दूध. भिजवलेले सात बदामही चालू आहेत. भाभींची माया त्यात आहे आणि बदाम कुणाला वाईट नाहीत. दोन महिन्यांत वजन पुन्हा चढलं. सासूबाईंनी गोळीला शिव्या घालणं थांबवलं, आता त्या वेळेवर आठवण करतात.

मुलगा बरा झाला का? एडीएचडी ताप नव्हे, उतरायला. तो वर्गात बसतो, वह्या बऱ्यापैकी पुऱ्या होतात, पाण्याची बाटली आठवड्यातून एकदा हरवतो. यंदाच्या जमघटला तो छपरावर होता, बाबांच्या शेजारी, मांजा हातात धरून. एक पतंग कटून गल्लीवरून गेला. तो जिन्यापर्यंत धावला. तिथे थांबला, मागे वळून म्हणाला, "जाऊ?" बाबा म्हणाले, "नको." पाय आपटले त्याने, पण गेला नाही.

तुमच्या घरात असं मूल असेल तर माझ्यासारखी यादी लिहा. जे-जे खायला देता ते सगळं. आणि ती यादी डॉक्टरांना दाखवा. त्यांच्यापासून लपवू नका. मी लपवली होती.

पुढच्या भागात पुन्हा कैसरबागेत जाऊ. नमस्कार.